रणांगणातून फलाटावर: थ्री नॉट थ्रीची गोष्ट

थ्री नॉट थ्री रायफलच्या नळीवर, मागच्या बाजूला, पोलादाची बोटभर पट्टी बसवलेली असते. तिच्यावर २ पासून २० पर्यंत आकडे कोरलेले आहेत. एकेक आकडा म्हणजे शंभर यार्ड. सरक पुढे ढकलली की पट्टीचं टोक वर उचललं जातं, नेम धरणाऱ्याला नळीचं तोंड तेवढं वर करावं लागतं आणि गोळी तितकी लांब जाते. सगळ्यात जवळचा आकडा २. म्हणजे २०० यार्ड, १८३ मीटर. शत्रू याहूनही जवळ येईल आणि त्याच्यासाठी वेगळी खूण लागेल, असं या रायफलच्या कर्त्यांना वाटलंच नाही.

आता हीच रायफल अंधेरी स्टेशनच्या फलाटावर पहारा देणाऱ्या शिपायाच्या खांद्याला लावून बघा. बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. फलाटाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकावर नेम धरला, तरी ती सरक पट्टीच्या सुरुवातीलाच राहणार. १९०७ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या मार्क थ्री या नमुन्याला तर डाव्या अंगाला आणखी एक तबकडी होती. दूरवरच्या शत्रूच्या तुकडीवर अख्ख्या पलटणीने मिळून फैरी झाडायच्या, त्यासाठी. तिचा शेवटचा आकडा २८०० यार्ड, म्हणजे अडीच किलोमीटरच्या वर. अंधेरी आणि विलेपार्ले स्टेशनांमधलं सगळं अंतर त्यात मावतं.

मोकळ्या माळावरच्या युद्धासाठी घडवलेली ही वस्तू मुंबईच्या फलाटांवर, पोलीस ठाण्याच्या दारात आणि बंदोबस्तातल्या शिपायाच्या हातात कशी पोचली, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते. सैन्याने वापरून झालेलं हत्यार पोलिसांकडे उतरतं तेव्हा त्याच्यासोबत काय काय येतं आणि काय मागे राहतं, ते या एका रायफलीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल.

आधी ती चालते कशी ते पाहू, कारण तिच्या पोटातली हुशारी शंभर वर्षांनंतरही थक्क करते. लोखंडी दांड्याची, म्हणजे बोल्टची, रचना जेम्स पॅरिस ली याची. माणूस जन्माने स्कॉटिश, वाढला कॅनडात, नाव काढलं अमेरिकेत. नळीच्या आतले चर लंडनजवळच्या एनफिल्ड इथल्या सरकारी कारखान्याने ठरवले. दोन्ही मिळून ली-एनफिल्ड. चर बदलायला कारण ठरली ती दारू. १८८८ साली ही जात पहिल्यांदा आली तेव्हा काडतुसात जुनी काळी दारू होती आणि नळीत मेटफर्ड नावाच्या इंजिनिअरने आखलेले उथळ, गोलसर चर. काळ्या दारूची काजळी अशा चरांत साचत नसे. मग धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली. तिच्या वायूची धग इतकी भयंकर की ते उथळ चर भराभर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये खोल, चौकोनी कडांचे पाच चर आले, डावीकडे पिळत जाणारे. दर दहा इंचांना एक पूर्ण वेढा.

आता या दहा इंचांचा हिशेब करून बघा. गोळी नळीतून बाहेर पडते सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने. दहा इंच म्हणजे २५.४ सेंटीमीटर. भागाकार केला तर उत्तर येतं २९०० हून जास्त. ही अकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळजवळ तीन हजार गिरक्या घेत निघते! भोवरा फिरतोय तोवर आडवा पडत नाही, तशी ही गोळी इतक्या गिरक्यांमुळे हवेत तोंड न वळवता सरळ जाते आणि तीन किलोमीटरच्या आसपासही जीव घेण्याइतकी ताकद बाळगते. शिवाय तिच्या टोकाच्या आत शिसं नसतं. तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचाखाली पुढचा भाग अॅल्युमिनियमने किंवा लाकडाच्या लगद्याने भरलेला, वजन सगळं मागे. हवेत ती सरळ जाते, शरीरात शिरली की मात्र मागचं वजन पुढे यायला बघतं आणि ती कोलमडते. ज्यांनी हे योजलं त्यांनी समोर शत्रूचा सैनिक धरला होता.

सांताक्रूझ पूर्वेला कालिन्यात राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथे गुन्ह्यातल्या गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांच्यावरचे ओरखडे वाचले जातात. डाव्या पिळाचे पाच चर दिसले की जाणकाराच्या मनात एनफिल्डची जात आधी येते. नळी आपली सही गोळीवर करून जाते.

बोल्टची गंमत त्याहून साधी. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामं काडतूस उजवीकडे उडतं. पुढे ढकलायची, खाली दाबायची, नवी गोळी नळीत. इतर अनेक देशांच्या रायफलींत मूठ पाव वेढा फिरवावी लागे, इथे साठ अंशांत काम होतं. शिवाय मूठ घोड्याच्या अगदी जवळ असल्यामुळे हात लांब न्यावा लागत नाही. मॅगझिनमध्ये दहा काडतुसं, पाच-पाचच्या पट्टीने वरून भरायची. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाकडून अपेक्षा असे की तीनशे यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला किमान पंधरा नेमके वार व्हावेत. एनसीसीत ज्यांनी ही रायफल एकदा तरी चालवली आहे त्यांच्या उजव्या खांद्याला तिचा धक्का अजून आठवत असेल. त्या धक्क्यासकट, नेम धरून, दर चार सेकंदांना एक गोळी. हे जमतं ते फक्त रोजच्या सरावाने.

आणि एक खोच आहे. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी. उलट पडली तर वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्यात अडकतं आणि बोल्ट ठप्प होतो. शांत मैदानावर माणूस ते काढून परत भरतो. धावपळीत, थरथरत्या बोटांनी, ज्याने वर्षभरात ही रायफल हातातही धरलेली नाही अशा माणसाकडून काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी इशापूर इथे विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी रायफल कारखाना सुरू झाला आणि तिथे ही रायफल घडू लागली. तिच्या मानेवरच्या पोलादी कड्यावर मुकुट, इंग्लंडच्या राजाची अक्षरं, इशापूरचं नाव आणि साल ठोकलेलं असे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणीही याच रायफलीच्या पिढीतल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत हीच रायफल मराठी जवानांसोबत गेली. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, रायफल तीच राहिली.

१९६२ च्या चीन युद्धानंतर मात्र लष्कराने हातांनी बोल्ट ओढायच्या रायफलीचा निरोप घ्यायला सुरुवात केली. तिची जागा एसएलआरने घेतली: ७.६२ मिलिमीटरची, वीस गोळ्यांची, एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढवणारी. इशापूरने तेव्हाच जुन्या बांध्यावर नवं पोलाद वापरून ७.६२ चीच एक बोल्टवाली रायफलही काढली. दिसायला थ्री नॉट थ्रीची बहीण, पण काडतूस वेगळं; आजही अनेकजण तिला जुनीच समजतात.

मग लाखो थ्री नॉट थ्रींचं करायचं काय? भारतात याचं उत्तर कायद्यानेच ठरवून टाकलं होतं. सैन्याच्या मापाची बंदूक सामान्य नागरिकाच्या हाती जाऊ नये ही ब्रिटिशांची जुनी भीती. ती स्वतंत्र भारताच्या कायद्यातही उतरली आणि थ्री नॉट थ्री हे माप नागरिकांसाठी निषिद्ध राहिलं. म्हणून तर आपल्याकडे परवाना असलेल्या शेतकऱ्याच्या हाती दिसते ती ३१५ ची रायफल. तीही याच ली-एनफिल्डच्या बांध्याची, फक्त काडतूस मुद्दाम वेगळं. जुन्या लष्करी रायफलीला बाजार बंद, परत सैन्यात जागा नाही. म्हणजे उरले राज्यांचे पोलीस, होमगार्ड आणि एनसीसी.

पण ही खाली उतरण्याची रीत १९६२ पेक्षा कितीतरी जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी सैन्याची फेररचना केली, त्यात एक न लिहिलेला नियम असा की हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचं हत्यार असावं. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री तर हिंदी शिपायांकडे स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा यांच्याकडे मार्टिनी आली. १८६१ च्या कायद्याने पोलीस दलं उभी राहिली ती या उतरंडीच्या आणखी खालच्या पायरीवर. सगळ्यात थक्क करणारा नमुना म्हणजे ४१० ची मस्केट. इशापूरमध्ये धडधाकट थ्री नॉट थ्री घेऊन तिच्या नळीतले ते खोल चर खरवडून काढले, नळी आतून गुळगुळीत आणि रुंद केली. दहा गोळ्यांचं मॅगझिन लाकडी ठोकळ्याने बंद करून ती एकाच गोळीची केली. काडतूस थ्री नॉट थ्रीच्याच पितळेचं, पण मान सरळ करून वेगळं बनवलेलं. ही बंदूक पळवली तरी सैन्याची गोळी तिच्यातून सुटायची नाही, आणि तिचा मारा जवळपुरताच. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी ती मुद्दाम अशी दुबळी केली होती. हेतू साम्राज्याचा होता, त्याला माझा नमस्कार नाही. पण त्या कारागिरांना एक गोष्ट नक्की ठाऊक होती, जी पुढे विसरली गेली: गर्दीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला रणांगणाची नळी जशीच्या तशी देऊ नये.

२६ नोव्हेंबर २००८. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन हल्लेखोर एके-४७ घेऊन शिरले तेव्हा समोरच्या पोलिसांपैकी काहींच्या हाती थ्री नॉट थ्री होती, कित्येकांकडे नुसती लाठी. "मुंबई मिरर"चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांच्या त्या रात्रीच्या छायाचित्रांमुळे ही विषमता देशभर पोचली. रेल्वे सुरक्षा दलाचे हेड कॉन्स्टेबल जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि खुर्चीही फेकून मारली. रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ निरीक्षक शशांक शिंदे त्याच स्टेशनात लढताना गेले. पुढे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती लाठी असताना त्या दोन हल्लेखोरांपैकी कसाबची एके-४७ नळीला धरून ठेवली आणि अंगावर गोळ्या झेलल्या. त्या रात्रीच्या या माणसांबद्दल लिहिताना आजही हात थांबतो.

त्यानंतर जो तो म्हणू लागला की जुनाट, निकामी बंदुका दिल्या म्हणून असं झालं. जुनाट, हो. निकामी मात्र नाही, आणि इथेच खरी गोष्ट लपलेली आहे. आकडे ठेवून बघा. थ्री नॉट थ्रीची गोळी नळीतून निघते तेव्हा तिच्यात सुमारे ३१०० ज्यूल ऊर्जा असते. एके-४७ च्या गोळीत सुमारे २०००. एका गोळीची तुलना केली तर शंभर वर्षांची म्हातारी दीडपट ताकदवान, लांबच्या नेमात तर कितीतरी सरस. पण एके-४७ मध्ये तीस गोळ्या, आणि घोडा दाबून धरला तर मिनिटाला सहाशेच्या वेगाने त्या सुटतात. त्याच्यासमोर प्रत्येक गोळीला मूठ उचलून मागे-पुढे करणारा माणूस. शिवाय हल्लेखोराला कोणाला लागतंय याची पर्वा नव्हती, शिपायाला ती करायची होती. त्याच्या गोळीने एक माणूस भेदून मागच्या दुसऱ्याला गाठलं असतं. दीडपट ताकद त्या स्टेशनात त्याच्या उपयोगाची नव्हती, उलट त्याच्या बोटावरचं ओझं होती.

आणि सराव? हल्ल्यानंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. काडतुसांच्या टंचाईमुळे गोळीबाराचा सराव अडलेला होता, हेही तिच्यापुढे आलं. मला ही बाब रायफलच्या वयापेक्षा शंभरपट गंभीर वाटते. मिनिटाला पंधरा वार करणारा तो १९१४ चा सैनिक आणि आपला शिपाई यांच्या हातात एकच यंत्र होतं. सैन्याने पोलाद आणि लाकूड खाली पाठवलं. त्यासोबतची काडतुसांची तरतूद, गोळीबाराचं मैदान, रोजची तालीम, नळी साफ करून घेणारा खडूस उस्ताद, हे सगळं वरच राहिलं. मुंबईत तर जागेचीच अडचण. अशा रायफलचा सराव करायचा तर लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा आणि त्याच्यामागेही लांबवर निर्मनुष्य जमीन. मरोळ, कालिना, घाटकोपर, मुलुंड, कुठे आहे अशी जमीन?

घाटकोपर म्हटलं की दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ११ जुलै १९९७ च्या सकाळी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं दिसलं, लोक पूर्व द्रुतगती मार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसं मेली. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला, आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. गोळी झाडायचा हुकूम माणूस देतो, बंदूक देत नाही; ती जबाबदारी कुठल्याही यंत्रावर ढकलता येणार नाही. पण राखीव दल हे मुळातच पलटणीसारखं बांधलेलं: प्लॅटून, रायफल, फैर. पत्र्याच्या आणि पातळ विटांच्या घरांच्या वस्तीत लष्करी गोळीला अडवेल असं काहीच नसतं. ज्याच्यावर झाडली त्याच्या मागच्या गल्लीत कोण उभं आहे हे तिला विचारता येत नाही. एका ठिकाणी हत्यार कमी पडलं, दुसरीकडे ते नको तितकं पुरून उरलं, आणि दोन्ही घटना एकाच शहरातल्या.

अमेरिकेत हीच उतरंड फार वेगळ्या घाईने चालते. १९९७ पासून तिथल्या लष्कराचा अतिरिक्त माल एका कायमच्या योजनेतून गावोगावच्या पोलिसांना जातो. आजवर गेलेल्या मालाची मूळ किंमत सात अब्ज डॉलरच्या वर आहे. त्यात टेबल-खुर्च्या, तंबू, थंडीचे कोटही आहेत, आणि इराकमधल्या सुरुंगांसाठी बनवलेली चिलखती वाहनंही आहेत. २०१४ मध्ये फर्ग्युसन या छोट्या शहरातल्या निदर्शनांसमोर चिलखती गाड्या आणि युद्धाच्या पोशाखातले पोलीस उभे राहिलेले जगाने पाहिले, तेव्हा वाद पेटला. २०१५ मध्ये ओबामांनी बंधनं घातली, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी उठवली. या योजनेतलं एक कलम मला सगळ्यात बोलकं वाटतं: मिळालेली वस्तू वर्षभराच्या आत वापरात आणायची. वस्तू हाती आधी येते आणि मग तिच्यासाठी प्रसंग शोधला जातो. आपल्याकडे उलट. इथे रायफल शस्त्रागारात पन्नास वर्षं तेल पिऊन उभी राहते आणि प्रसंग अचानक दारात येतो.

२६/११ नंतर मुंबईने मात्र उतरलेल्या मालाची वाट पाहिली नाही. फोर्स वन हे खास दल उभं राहिलं, त्याला गोरेगावात जागा मिळाली, आणि त्याच्या हाती एमपी-५ सारखी हत्यारं आली. एमपी-५ पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी वापरते. ती थ्री नॉट थ्रीपेक्षा कितीतरी दुबळी, आणि म्हणूनच बंद खोलीत, ओलिसांच्या गर्दीत, फलाटावर जास्त शहाणपणाची: जिथे लागते तिथे बहुतेक करून थांबते, आणि हातात धरून नेम साधणं सोपं जातं.

थ्री नॉट थ्रीला अधिकृत निरोप द्यायला राज्यांनी बराच वेळ घेतला. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती शेवटची मिरवली. आणि तोवर उतरंडीवरून पुढचा माल निघालेला होता. लष्करात १९९० च्या दशकात इन्सास ही रायफल आली तेव्हा एसएलआर पोलिसांकडे सरकली. आता लष्कर सिग ७१६ आणि अमेठीजवळ कोरव्यात बनणाऱ्या एके-२०३ कडे वळलं आहे, म्हणजे इन्सासची पाळी आली. तिची ५.५६ मिलिमीटरची गोळी हलकी, धक्का कमी, मॅगझिन वीस गोळ्यांचं. शिपायाला ती थ्री नॉट थ्रीपेक्षा नक्कीच मानवेल. पण तिचं काडतूस वेगळं, सुटे भाग वेगळे, साफसफाईची तऱ्हा वेगळी. जुन्या रायफलीवर हात बसलेल्या हवालदाराला तिची सवय पहिल्यापासून करावी लागणार. मुंबईच्या उपनगरांत अशी नवी खेप येईल तेव्हा गृहखात्याने किती रायफली दिल्या हा आकडा वर्तमानपत्रात ठळक छापून येईल. त्याच्याखाली दुसरा आकडाही छापला जावा अशी माझी कळकळीची मागणी आहे: दर शिपायामागे वर्षाला सरावासाठी किती काडतुसं मंजूर झाली, आणि त्यातली खरोखर किती झाडली गेली.